समतोलाची नळी

उपाशी येऊ नको म्हटलं होतं,
तर ऋता जगदाळे शेव-उसळ खाऊन आली.
तर्रीचा वास अजून बोटांना.
तेलकट खाल्लं की प्लाझ्मा गढूळ येतो, मी म्हटलं.
ती म्हणाली, ताई, भूक लागली होती.
एकोणीस वर्षांच्या पोरीला यावर काय सांगायचं.

डावी विंग. उजव्या मांडीचा मागचा स्नायू,
एमआरआयमध्ये भाताच्या शिताएवढी पांढरी फट.
पोलो ग्राउंडवर, मकरपुऱ्याच्या टीमविरुद्ध,
मागून कुणी दगड मारला असं वाटलं म्हणे.
वळून बघितलं तर मागे कोणीच नव्हतं.

तीस मिली काढलं.
नळी यंत्रात ठेवली आणि तिच्या समोर,
बरोबर समोर, तेवढ्याच वजनाची दुसरी,
साध्या पाण्याची,
थेंब थेंब टाकून काट्यावर जुळवलेली.
नाहीतर यंत्र थरथरतं, टेबलावर चालायला लागतं,
आणि पलीकडून पारीखसाहेब ओरडतात,
कुमुदबेन, शुं थयुं?

अकरा वर्षं हेच करते मी अलकापुरीत.
रक्त फिरतं, पाणी फिरतं, एकाच वेगानं.
रक्ताचे थर होतात. तळाशी लाल, वर पिवळं,
मधे सायीहून पातळ पांढरा पापुद्रा,
ज्याच्या आसपासच्या चार थेंबांसाठी
लोक अठरा हजार मोजतात.
पाण्याचं काही होत नाही.
ते फिरून येतं, तसंच्या तसं.

आमचे बाबा आखाड्यात हाडं बसवायचे.
आंबेहळद, तुरटी, अंड्याचा बलक, वर बांबूच्या कामट्या
आणि एक शिवी, ती औषधातच धरायची.
विलासचा घोटा त्यांनीच बांधला.
गोली होता तो. हाड सांधलं, जरा तिरकं.
आता रिक्षा चालवतो मांजलपूरकडे,
ब्रेक दाबताना ओठ चावतो, प्रवाशांना कळत नाही.
बाबांना दोष देत नाही मी.
त्यांच्याकडे फक्त हळद होती
आणि आमच्याकडे फक्त ते.

दोन आठवड्यांत होईल ना? सत्तावीसला सेमीफायनल आहे.
साहेब खोटं बोलत नाहीत, एवढं एक बरं.
कुणाला लागू पडतं, म्हणाले, कुणाला नाही.
घाई केलीस तर फट पुन्हा उघडेल.
बर्फ लावायचा नाही, दुखण्याची गोळी घ्यायची नाही,
सूज म्हणजे कामावर आलेले मजूर, त्यांना हाकलू नकोस.
म्हणजे दुखू द्यायचं?
हा, थोडुं दुखशे.

सुई जाताना तिनं माझं मनगट धरलं,
नखं रुतली.
पडद्यावर करड्या रेघांत सुईचं टोक,
आणि तिचंच रक्त, पाऊण तासापूर्वी दंडातून निघालेलं,
मांडीत परत चाललेलं,
परगावी दोन यत्ता शिकून आलेल्या पोरासारखं
थोडं भाव खात.

ती लंगडत गेली.
पाण्याची नळी मी पुसून खणात ठेवली.

सत्तावीसला रविवार होता. मी गेले ग्राउंडवर,
कशाला ते विचारू नका.
ती बाकावर होती, जर्सी घालून, बूट बांधून,
टाचा गवतावर नुसत्या नाचत होत्या.
कोचनं उठू दिलं नाही. हरले, एक-शून्य.
तिनं रडून घेतलं, नळावर तोंड धुतलं,
मला बघून म्हणाली,
ताई, तुमचं यंत्र फार हळू आहे.

कुणीतरी लाथाडलेला बॉल
घरंगळत आला माझ्या चपलेपाशी.
उचलला. सवयीनं एका हातावर तोलला,
आणि दुसरा हात आपसूक पुढे झाला,
रिकामा,
समोरच्या वजनाची वाट बघत.